रेशीमचा उजवा हात

रेशीमचं खरं नाव त्याच्या बायकोला विचारलं असतं, तरी तिला क्षणभर आठवावं लागलं असतं. अख्ख्या बाजारपेठेनं त्याला रेशीम करून टाकलं होतं, आणि ते काही त्याच्या रूपावरून नव्हे. रूपानं तो मिटलेल्या छत्रीसारखा होता: उंच, बारीक, वरच्या टोकाला किंचित वाकलेला. रेशमी होता तो त्याचा उजवा हात. त्या हातातला वस्तरा गालावरून उतरला की गिऱ्हाइकाला वाटायचं, कुणी अलगद रुमाल ओढून नेला. दाढी झाली की नाही हे कळायला आरशात बघावं लागायचं.

दुकान चिंचोळं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे बाक. एका खुर्चीमागे रेशीम, दुसरीमागे त्याचा धाकटा भाऊ. धाकटा नव्या चालीचा. त्याच्या वस्तऱ्यात पातं बदलता यायचं. एका गिऱ्हाइकाला एक पातं, काम झालं की टाकून दिलं. रेशीमच्या मते ही दाढी नव्हे, नुसतं पात्याचं पाकीट फोडणं होतं. त्याचा स्वतःचा वस्तरा अखंड पोलादी, वडिलांच्या हातातला. तो रोज सकाळी दगडावर, मग चामडी पट्ट्यावर फिरायचा, आणि शेवटी रेशीमच्याच डाव्या मनगटावरची लव उडवून परीक्षा द्यायचा. ते मनगट तान्ह्या बाळासारखं गुळगुळीत राहिलं होतं आणि बाकीचा रेशीम अस्वलासारखा. बायको म्हणायची, हात धरायचा तर मी हाच धरते.

या सगळ्याला नाट लागली ती डोळ्यापासून.

एक दिवस उजव्या डोळ्याखालची पापणी आपली आपण फडफडू लागली, ती थांबेना. इतरांचा डोळा उडाला तर ते चोळून मोकळे होतात; रेशीमचा धंदा पडला आरशासमोरचा. गिऱ्हाईक त्याच्याशी दिवसभर आरशातून बोलणार, आणि आरशातला रेशीम दिवसभर डोळा मारणार. शेजारचा कापडवाला मोठ्या अभिमानानं सांगत होता की, दुकान मेव्हण्यावर सोपवून आपण कसे निर्धास्त असतो. रेशीमनं आरशातून डोळा मारला. कापडवाला अर्धवट कापलेल्या केसांनिशी विचारात पडला, आणि संध्याकाळच्या आत त्यानं मेव्हण्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. मेव्हणा बहिणीकडे गेला, बहीण नवऱ्यावर उखडली, आणि शेवटी तिघंही रेशीमसमोर येऊन उभी राहिली, की तुला नेमकं काय माहीत आहे ते आत्ताच सांग. रेशीम शपथेवर सांगत होता की काहीही माहीत नाही, आणि सांगता सांगता डोळा मारत होता.

धाकटा हसून हसून बाकावर कोसळला. रेशीमही हसला. डोळा उडून कुणी मरत नाही, म्हणून सगळेच हसले.

मग पोटरीत गोळे येऊ लागले. पहाटे बायकोला जाग यायची ती नवऱ्याच्या ओरडण्यानं. हा पलंगाच्या कडेला बसून आपलीच पोटरी दोन्ही हातांनी आवळून धरलेला, जणू कुणी ती पळवून नेत होतं. मग थकवा आला. दोन डोकी झाली की तो भिंतीला टेकायचा. घराचा जिना चढताना छातीत एक ठोका चुकायचा आणि मागोमाग दोन ठोके घाईनं यायचे, दारात अडलेल्या माणसाला ढकलून मागचे दोघे आत घुसावेत तसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. जिना मात्र तो हळू चढू लागला, आणि वर पोचला की बायकोला उगाचच विचारायचा, आज दिवे लवकर लावलेस का.

आता त्याच्या जेवणाबद्दल. रेशीमचं आणि त्याच्या पोटाचं जुनं वैर होतं. काही खाल्लं की छातीत जळजळ. म्हणून ज्या ज्या पदार्थाचा संशय आला, तो त्यानं एकेक करून हद्दपार केला होता. पालेभाजीनं पोट फुगतं, बंद. डाळी आणि कडधान्यं वातूळ, बंद. शेंगदाणे, बदाम उष्ण, बंद. कोंड्याचं पीठ पचत नाही, म्हणून पांढरा पाव. उरला तो पाव, बिस्किटं आणि चहा, आणि चहानंच जळजळ होते हे अख्ख्या जगाला ठाऊक असल्यामुळे चहावर मात्र त्याचा काडीचा संशय नव्हता. या सगळ्यावर रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी. शेजारच्या औषधवाल्यानं ती कधी काळी पंधरा दिवसांपुरती दिली होती. त्याला इतकी वर्षं लोटली होती की रेशीमच्या लेखी ती औषध राहिलीच नव्हती. दात घासायचे, तोंड धुवायचं, गोळी घ्यायची, असा तो क्रम.

आणि एक दिवस ते हातात उतरलं.

एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली वस्तरा असताना रेशीमच्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी आतून उडालं, कातडीच्या आत किडा वळवळावा तसं. गिऱ्हाइकाच्या मानेवर लाल ठिपका उमटला. रेशीमनं तुरटी शोधली. ती लवकर सापडेना, कारण त्याला तिची गरज पडत नसे.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझा हात बिघडला. पण हत्यारावर पोट असलेल्या माणसाची खोडच असते. हात उडाला की तो हत्याराकडे बघतो. रेशीमनं ठरवलं, वस्तरा बोथट झालाय. बोथट पातं केसावर अडतं, अडलं की उडी मारतं, आणि उडी मारली की हात हलल्यासारखा वाटतो. तर्कात खोट काढायला जागा नव्हती, एवढंच की तो खरा नव्हता. तो धार लावायला बसला.

मग ते रोजचंच झालं. हात जितका उडे तितकी तो धार वाढवी, आणि धार जितकी वाढे तितका पुढचा झटका खोल जाई. दुकान उघडायच्या आधी दगडावरचा खसखस आवाज रस्त्यापर्यंत यायचा आणि समोरून जाणारी माणसं, का कोण जाणे, गळ्यापाशी हात नेऊन कॉलर सारखी करायची. पातं झिजून अरुंद होत चाललं. एकदा धाकट्यानं तो वस्तरा उचलून अंगठ्याच्या नखावर नुसता टेकवला, तर नखाची साल निघाली. झोपलेलं मूल ठेवावं तसा त्यानं तो खाली ठेवला.

"दादा, हे दाढीचं हत्यार राहिलं नाही," तो म्हणाला.

"मग कशाचं आहे?" रेशीमनं विचारलं.

धाकटा आपल्या गिऱ्हाइकाच्या कल्ल्यांकडे वळला.

सल्ले मात्र येतच होते. कापडवाल्यानं मेव्हण्याचं प्रकरण मोठ्या मनानं विसरून निदान केलं की हाडं पोकळ झालीत, कॅल्शियम घे. त्याच्या आईला गुण आला होता. रेशीमनं बाटलीभर गोळ्या संपवल्या. खडू चघळल्याची चव तेवढी मिळाली. कुणी चष्मा सांगितला, कुणी वय सांगितलं. डॉक्टरला दाखवा असं फक्त बायको म्हणत होती, आणि ती ते रोजच म्हणत असल्यामुळे ते ऐकू येणं बंद झालं होतं. "जाऊन सांगू काय?" तो म्हणायचा. "बायकांसमोर डोळा मारतो म्हणून?"

खरं तर त्याला कळून चुकलं होतं. तो करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवून हाताला आधार देऊ लागला होता. श्वास रोखून वस्तरा उतरवत होता. आणि गळा सगळ्यात शेवटी ठेवत होता.

गिऱ्हाइकांत एक हेडमास्तर होते; निवृत्त झालेले, एकटे राहणारे आणि झोपाळू. साबणाचा ब्रश गालाला लागला की त्यांचा डोळा लागायचा. हनुवटी वर, गळा उघडा, तोंड किंचित वासलेलं. असं गिऱ्हाईक म्हणजे एरवी सुखच. पण जागं व्हायची त्यांची तऱ्हा वाईट होती. मागच्या बाकावर कुणी दंगा केल्यासारखे ते ताडकन उठायचे.

त्या दुपारी बाकावर कापडवाला बसला होता. रेशीमनं हेडमास्तरांचे गाल केले, ओठ केला. मग कानाच्या खाली, जिथे कातडीआड शीर उडत असते, तिथे वस्तरा टेकवला.

आणि हात बंद झाला. या वेळी झटका आला नाही, कंप आला नाही. बोटं ताठ होऊन एकमेकींना चिकटली, अंगठा तळव्याकडे वळला, हाताची चोच झाली आणि त्या चोचीत वस्तरा. मग मनगट आपलं आपण आत मुडपू लागलं, अगदी सावकाश, आणि त्याबरोबर पात्याची कड कातडीवर वळू लागली. रेशीमनं सोडायचं ठरवलं. बोटांनी ऐकलं नाही. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं, परक्या माणसाचं पकडावं तसं, आणि मागे ओढून धरलं.

"धाकट्या," तो हळूच म्हणाला.

धाकट्यानं आरशात पाहिलं. भावाच्या चेहऱ्यावरचा रंग त्यानं असा कधी पाहिला नव्हता. "दादा, हलू नकोस."

"मी नाही हलत. तो हलतोय."

कापडवाला बाकावरून उठला. एरवी साध्या गोष्टीचं तासभर वर्णन करणारा हा माणूस एक अक्षर बोलला नाही. तो पुढे झाला आणि हेडमास्तर दचकू नयेत म्हणून त्यांचं कपाळ दोन्ही तळव्यांनी खुर्चीला दाबून धरलं. हेडमास्तर झोपेतच पुटपुटले, "बसा खाली." कापडवाला खरोखरच गुडघ्यात वाकला. धाकट्यानं एकेक बोट धरून मागे वळवायला घेतलं. बोट सुटे आणि परत आत येई. पात्याखाली केसाएवढी लाल रेघ दिसू लागली होती. रेशीम त्या रेघेकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्याखालची पापणी तेवढी नाचत होती.

शेवटी वस्तरा सुटला. तो धाकट्याच्या हातात आला आणि त्याच क्षणी हेडमास्तर ताडकन उठून बसले.

"झाली?"

"झाली," धाकटा म्हणाला.

आज जरा वेळ लावलास, असं म्हणत हेडमास्तर निघून गेले. त्यांच्या मानेच्या एका बाजूला फेस तसाच होता. ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

धाकट्यानं आणि बायकोनं रेशीमला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि तोडून बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा रेशीमच्या दंडाला बांधून फुगवला, आणि तो तसाच ठेवला. बायको आणि धाकटा भिंतीशी उभे होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग टेबलावर पडलेल्या त्या हाताची बोटं हळूहळू जवळ आली, अंगठा आत गेला आणि पुन्हा ती चोच तयार झाली. यावेळी तिच्यात काही नव्हतं, तरी बायको मागे सरकली.

बाईंनी पट्टा सोडला. कोणती औषधं चालू आहेत, असं विचारलं. रेशीम म्हणाला, एकही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. रेशीम जरा अभिमानानं म्हणाला, आपल्याला औषधाची सवयच नाही.

"आणि ती पित्ताची गोळी?" धाकटा म्हणाला.

"ते काय औषध आहे?"

बाईंचं पेन थांबलं. किती दिवस घेताय, त्यांनी विचारलं. दिवसांत सांगता येईना. बायकोनं, कधीची संधी मिळाल्यासारखं, पाव-बिस्किटांसकट सगळं सांगून टाकलं. त्याच दुपारी रक्त घेतलं, छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. रेघांचा कागद हातात घेऊन बाईंनी त्याला घरी जायला मनाई केली.

"शरीरातलं मॅग्नेशियम तळाला गेलंय," त्या म्हणाल्या. "स्नायूला आवळ म्हणणारे पुष्कळ असतात. सोड म्हणायला हेच लागतं. ते नाही, म्हणून तुमचा हात सोडत नाही." ते कमी झालं की कॅल्शियमही घसरतं आणि बाहेरून कितीही कॅल्शियम घातलं तरी टिकत नाही, हेही त्यांनी सांगितलं; कापडवाल्याची बाटली का फुकट गेली ते तेव्हा कळलं. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या आतड्यांना मॅग्नेशियम उचलता येत नाही, आणि यांच्या ताटात ते उचलण्यापुरतंही नव्हतं.

रेशीमला हायसं वाटलं. म्हणजे हातच तेवढा, तो म्हणाला.

"छातीत ठोका चुकतो का कधी?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. जिन्यावर, तो म्हणाला, कधी कधी.

"हात दिसतो, म्हणून तुम्ही इथे आलात," बाई म्हणाल्या. "हृदयही स्नायूच आहे. ते आवळलेलं राहिलं असतं तर कुणाला दिसलं नसतं."

बायकोनं त्याचं गुळगुळीत मनगट धरलं ते सलाइन लागेपर्यंत सोडलं नाही. शिरेतून थेंब थेंब मॅग्नेशियम जात राहिलं आणि डोक्याशी यंत्रावर त्याचा ठोका हिरव्या उंचवट्यासारखा पळत राहिला. मधेच एक उंचवटा गळायचा. खोलीतले सगळे त्या रिकाम्या जागेकडे पुढचा येईपर्यंत बघत राहायचे.

घरी आला तो मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन. पहिल्या गोळ्यांनी पोट असं सुटलं की रेशीम दिवसभर एकाच खोलीत मुक्कामाला राहिला. बाईंनी प्रकार आणि मात्रा बदलून दिली, जेवणाबरोबर आणि विभागून. पित्ताची गोळी त्यांनी हळूहळू काढून घेतली. सुरुवातीला जळजळ दुपटीनं उसळली. तेव्हा चहा निम्म्यावर आला आणि रेशीमला आपल्याच घरात दरोडा पडल्यासारखं वाटलं. कापडवाल्यानं स्वतःसाठीही त्याच मॅग्नेशियमच्या गोळ्या मागितल्या. बाईंनी त्याला आधी मूत्रपिंड तपासून घ्यायला सांगितलं. ते कमजोर असेल तर हेच औषध अंगात साठून जीवावर उठतं, म्हणाल्या. कापडवाला इतका घाबरला की रेशीमच्या गोळ्यांच्या डबीशेजारीही बसेना.

बायकोनं मात्र मनसोक्त सूड उगवला. हद्दपार केलेले सगळे एकेक करून परत आले. सकाळी पालक, दुपारी कडधान्य, कोंड्यासकट पीठ, रात्री पुन्हा पाला. शर्टाच्या वरच्या खिशात बदाम, खालच्या खिशात भोपळ्याच्या बिया. तो कुरकुरला की ती म्हणायची, "अहो, खा गुपचूप. नाहीतर डोळा मारा परत, बघते मी." पापणी आधी शांत झाली. मग पोटऱ्या. हातातला किडा सगळ्यात शेवटी गेला. निदान गेला असं वाटलं. रक्तातलं लवकर भरतं, बाई म्हणाल्या होत्या, आत हाडामांसात भरायला महिने लागतात, आणि दुर्लक्ष झालं तर परत उतरतं. तपासत राहायचं.

वस्तरा धरायला त्यांनी परवानगी दिली, त्या सकाळी बाक भरलेला होता. रेशीमच्या खुर्चीवरून त्या बाकावर नेहमी बाचाबाची व्हायची. माझा नंबर, तुझा नंबर. आज सगळ्यांना अचानक सभ्यता सुचली होती. आधी तुम्ही. छे, तुम्ही वडीलधारे. मला घाई नाही. हेडमास्तरसुद्धा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. धाकट्याची खुर्ची रिकामी होताच तिघे एकदम उठले.

रेशीमनं थोडा वेळ टॉवेल झटकला. मग तो स्वतःच आपल्या खुर्चीत बसला.

दोघे भाऊ नेहमी एकमेकांची दाढी करत. स्वतःच्या गळ्यावर स्वतःचा हात त्यानं कधी चालवला नव्हता. त्यानं फेस केला, गालभर लावला आणि वस्तरा उघडला. धाकट्याच्या हातातली कात्री थांबली. आरशात बाकावरची सगळी डोकी दिसत होती. गाल झाले. हनुवटी वर करून तो कानाखाली आला आणि तिथे थांबला. छातीत एक ठोका पडला, मग जरा अंतर, मग दुसरा. हे भीतीनं की त्या जुन्या कारणानं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ते रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं.

त्यानं वस्तरा खाली आणला. एकदा, दोनदा, गळ्यावरून थेट कॉलरपर्यंत. मग मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, सगळ्यांना नीट दिसेल अशी.

"पुढचं कोण?" तो उठून म्हणाला.

बाकावर कुणी हललं नाही. मग कापडवाल्यानं शेजारच्या दोघांकडे पाहिलं, एक लांब श्वास सोडला आणि तो येऊन खुर्चीत बसला. त्यानं हनुवटी वर केली आणि डोळे घट्ट मिटले. खुर्चीच्या हातांवर त्याची बोटं पांढरी पडली होती.

रेशीमनं ब्रश फेसात बुडवला.